वकील की घड्याळजी

आमच्या घरातला एक वाद पन्नास वर्षं चालला. ज्याच्यावरून वाद होता तो नट चार महिन्यांपूर्वी गेला, चांगला म्हातारा होऊन, आणि तरी आमचा निकाल लागलेला नव्हता. त्याचं नाव मी लिहीत नाही. माझ्या वयाच्या बायकांना ते सांगायची गरज नाही आणि माझ्या नातीच्या वयाच्यांना सांगून उपयोग नाही.

वाद असा, की त्याची सगळ्यांत चांगली भूमिका कोणती. मी म्हणायचे, वकिलाची. वन्सं म्हणायच्या, घड्याळजीची. वन्सं म्हणजे माझ्या नणंदबाई. ह्यांची धाकटी बहीण, पण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. त्यामुळे मी त्यांना अहो-जाहो करायचे आणि त्या मला ‘वहिनी, तू’ म्हणायच्या. त्यांनी लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. आता कसब्यात, आमचं जुनं घर पाडून बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. हे गेल्यापासून मी खराडीला मुलाकडे असते. पण दर गुरुवारी मेट्रोत बसून कसब्यात जाते, कारण तिथल्या ज्येष्ठ नागरिक संघात मला बोलायला मिळतं. खराडीत सगळे हेडफोन लावून हिंडतात.

वकिलाचा सिनेमा तुम्हीही पाहिला असणार. शेवटी तो कोर्टात उभा राहतो आणि बोलतो. अकरा मिनिटं बोलतो. मध्येच पाण्याचा पेला उचलतो, ओठांपर्यंत नेतो आणि न पिता खाली ठेवतो. त्या पेल्यावर मी एकटी अर्धा तास बोलू शकते, आणि बोललेले आहे. घड्याळजीचा सिनेमा पुण्यात एक आठवडा चालला. ‘चालला’ हे आपलं म्हणायचं. त्यात तो म्हणे काही बोलतच नाही, नुसता घड्याळं उघडून बसतो.

हे ‘म्हणे’ तुमच्या लक्षात आलं असेल, तर मुख्य गोष्ट आत्ताच सांगून टाकते. घड्याळजीचा सिनेमा मी पाहिलेलाच नव्हता. पन्नास वर्षं मी एका न पाहिलेल्या सिनेमाविरुद्ध भांडले, आणि बहुतेक वेळा जिंकले.

हे कसं जमतं, असं कुणी विचारेल. मी कॉलेजात वक्तृत्वाची तीन पदकं मिळवली होती. स्त्री शिक्षण, समता, विज्ञान, काय वाटेल तो विषय द्या, सात मिनिटं. एकदा तर शनिवारी एका कॉलेजात मी एका बाजूने बोलले आणि रविवारी दुसऱ्या कॉलेजात त्याच विषयावर दुसऱ्या बाजूने, आणि दोन्हीकडून बक्षीस घेऊन घरी आले. आईने विचारलं, “तुला स्वतःला काय वाटतं ग?” मी म्हटलं, “तो विषय नव्हता.” आता आठवलं की त्या मुलीचा कान धरावासा वाटतो. विषयाची माहिती असलीच पाहिजे असं तिला कधी वाटलं नाही. माहिती असली की माणूस अडखळतो, असं तिचं मत होतं. लग्न होऊन कसब्यात आल्यावर पदकं माझ्याबरोबर ट्रंकेतून आली, आणि समोर श्रोते म्हणून सासूबाई, मामंजी, हे आणि वन्सं, एवढेच उरले. त्यांना मी सोडलं नाही.

माझं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. दसरा आणि दिवाळी यांच्यामधले दिवस. वन्संनी सोमवारी ड्यूटीवरून परस्पर जाऊन घड्याळजीचा सिनेमा पाहिला आणि येताना माझ्यासाठी बुधवारच्या दुपारच्या खेळाचं तिकीट काढून आणलं. सासूबाईंना सांगायचं कामही त्यांनीच केलं. “वहिनीला जाऊ दे, आई. भाकऱ्या मी करीन.” वन्सं भाकऱ्या करणार म्हणजे काहीतरी विशेष असणार, हे कुणाच्याही ध्यानात आलं असतं. माझ्या आलं नाही.

जिन्यात त्यांनी मला थांबवलं. “नीट बघ. शेवटपर्यंत बघ. मग मला तुझ्याशी बोलायचंय.”

“कशाबद्दल?”

“आधी बघून तर ये.”

मी गेले. थिएटरच्या दारात पाच-सहा माणसं, त्यातली दोन नुसती सावलीला उभी. पोस्टरवर तो, मळक्या कोटात, पाठ अर्धी आपल्याकडे. माझा नट, कोर्ट दणाणून सोडणारा, आणि त्याची पाठ बघायला मी एवढं ऊन तुडवत आले? तेवढ्यात कॉलेजातली एक मैत्रीण दिसली. पलीकडच्या थिएटरला वकिलाचा सिनेमा पुन्हा लागला होता आणि ती निघालीच होती. मी तो दोनदा पाहिलेला होता. तिसऱ्यांदा पाहिला. अकरा मिनिटांचं भाषण मी त्याच्याबरोबर पुटपुटत म्हटलं, पुढच्या रांगेतला माणूस दोनदा मागे वळला तरी म्हटलं.

बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की वन्संनी दिलेलं तिकीट अख्खंच्या अख्खं पर्समध्ये आहे. तेव्हा मी ते स्वतःच नीट घडी घालून अर्धं फाडलं. डोअरकीपरने फाडावं तसं, जरा वाकडं, आणि घरी वन्संना दिसेल असं टाकलं. ही अक्कल पदकं मिळवून येते.

राहता राहिला सिनेमा काय होता हा प्रश्न. त्याची सोय सकाळच्या पेपरात होती. एका परीक्षकाने त्या सिनेमाची सालटी काढली होती: सिनेमा संथ आहे, नायकाला तोंड उघडायची परवानगी नसावी, आणि नायक-नायिकेचं सगळं काम घरातल्या इतर माणसांनाच करावं लागतं. तीन वाक्यं. मला तेवढी पुष्कळ होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ताटं घेता घेता वन्संनी विचारलं, “कसा वाटला?”

मी सुरू झाले. संथपणावर बोलले, तोंड न उघडण्यावर बोलले. मग तिसऱ्या वाक्यावर आले आणि ते मी माझ्या पदरचं घालून रंगवलं. “आणि वन्सं, ते दोघं स्वतः काही करतच नाहीत. त्यांच्या मनातलं दुसऱ्यांनी ओळखायचं, दुसऱ्यांनी जाऊन बोलायचं. का म्हणून? ज्याचं त्याने बोलावं. बाकीच्यांनी कशाला मध्ये पडायचं?”

वन्सं हातात वाटी घेऊन उभ्या होत्या. “असं वाटलं तुला?”

“अगदी असंच.”

“बरं,” म्हणाल्या, आणि आमटी वाढायला बाहेर गेल्या.

त्यांना माझ्याशी काय बोलायचं होतं ते मी विचारलं नाही. मला वाटलं, सिनेमाबद्दलच असणार. आणि सिनेमाबद्दल तर मी बोलून झाले होते.

तिथून वाद सुरू झाला आणि घरातल्या एखाद्या पितळी भांड्यासारखा वापरात राहिला. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालताना तो हटकून निघायचा. एकीने सोऱ्या दाबायचा, दुसरीने पाटावरचं प्लास्टिक सरकवायचं, आणि मी वकिलाची बाजू मांडायची. वन्सं फार बोलायच्या नाहीत. “घड्याळजी चांगला होता,” एवढंच म्हणायच्या. कधी म्हणायच्या, “शेवट नीट आठवतो का तुला?” मी म्हणायचे, “आठवण्यासारखं काय होतं त्यात?” त्या सोऱ्यात पुन्हा चीक भरायच्या. माझी मुलं मोठी झाली, सासूबाई-मामंजी गेले, हे गेले, कुरडया विकतच्या आणायला लागलो, तरी वाद होता. त्या काळात एकदाही मला असं वाटलं नाही की कुठूनतरी तो सिनेमा मिळवून बघावा. जो वाद आपण जिंकतोय त्याची माहिती कोण गोळा करतं?

तर तो नट गेला. टीव्हीवर दिवसभर तोच पेला. संघाने ठरवलं की एका गुरुवारी त्याच्यावर कार्यक्रम करायचा, ‘सर्वोत्तम भूमिका कोणती’ असा वाद ठेवायचा आणि शेवटी हात वर करून मतं घ्यायची. वक्ते म्हणून आम्ही दोघी, हे सांगायची गरजच नव्हती. संघाचे चिटणीस निवृत्त मुख्याध्यापक आहेत. अजूनही समोरच्याला इयत्ता आठवीतला समजून बोलतात. ते म्हणाले, “यांचं नेहमीचं सगळ्यांना पाठ झालंय. या खेपेला बाजू बदलायच्या. वहिनींनी घड्याळजीचं बोलायचं, ताईंनी वकिलाचं. सात-सात मिनिटं. घंटा वाजली की बसायचं.”

वन्सं म्हणाल्या, “चालेल.”

मीही म्हणाले, “चालेल.” शनिवारी एक बाजू आणि रविवारी दुसरी, हे मी विशीत केलं होतं. मेट्रोत बसल्यावर मात्र माझे मुद्दे पहिल्याच वाक्याला अडले. एखाद्या गोष्टीविरुद्ध न बघता बोलता येतं. तिच्या बाजूने बोलायचं तर ती काय आहे हे माहीत लागतं. एवढी साधी गोष्ट मला शहात्तराव्या वर्षी, रामवाडीला उतरताना कळली.

नातीला सांगणं भाग होतं. तिने लॅपटॉपवर दोन मिनिटांत तो सिनेमा शोधला. कुणीतरी कधीकाळी टीव्हीवरून टेप केलेला टाकला होता. “आजी, वेट. तू न बघताच फिफ्टी इयर्स आर्ग्यू करत होतीस?”

“हो.”

“म्हणजे इंटरनेट यायच्या आधीच तू इंटरनेटवर होतीस.” तिने माझ्या मांडीवर लॅपटॉप ठेवला आणि ऑफिसच्या कॉलवर गेली. दुपारचे दोन वाजले होते.

सिनेमा संथ आहे. परीक्षक त्या बाबतीत खोटं बोलला नव्हता. गावातला एक घड्याळजी, विधुर, घरात लहान मुलगी. शाळेतली एक मास्तरीण वडिलांचं घड्याळ घेऊन त्याच्याकडे येते. तो म्हणतो, दोन दिवसांनी या. ती येते. तो म्हणतो, आणखी दोन दिवस. घड्याळ केव्हाच दुरुस्त झालेलं आहे आणि ते दोघांनाही माहीत आहे. अर्धा सिनेमा त्याच्या एका डोळ्याला भिंग लावलेलं, त्यामुळे आपल्याला दिसतो तो दुसरा डोळा आणि बोटं. ती दुकानात आली की तो भिंग काढतो, पण लगेच नाही, जरा उशिराने. आणि काढल्यावर डोळ्याभोवती एक लालसर गोल उमटलेला असतो. तेवढा चेहरा घेऊन तो तिच्याशी बोलतो. मी लॅपटॉप थांबवला, मागे नेला, पुन्हा पाहिला. पेला उचलून खाली ठेवणं कुणालाही शिकवता येईल. हे कुठून आणलं त्याने?

पण मला हे लिहायचं आहे ते त्याच्यासाठी नाही. सिनेमाच्या शेवटी मास्तरणीच्या घरी सगळे जेवायला बसलेले असतात. तिचे वडील हेडमास्तर, कडक. घड्याळजीची जात वेगळी, त्यात बिजवर, एका मुलीचा बाप. त्यांच्यापुढे विषय काढायची कुणाची छाती नाही. मास्तरणीच्या भावाची बायको वाढत असते. आख्ख्या सिनेमात तिला चार वाक्यंसुद्धा नाहीत. ती भात वाढता वाढता, मान खाली घालून, सासऱ्याला म्हणते, “मामंजी, घड्याळ केव्हाच दुरुस्त झालंय. आता वन्संना दुकानात पाठवत राहायचं, की दुकानवाल्यांना घरी बोलवायचं?”

आणि सिनेमा तिथेच संपतो. हेडमास्तर काही बोलत नाहीत, फक्त वाढलेला भात नको म्हणत नाहीत.

मी लॅपटॉप मिटला नाही. पडदा आपोआप काळा होईपर्यंत बसून राहिले.

त्या वर्षी दसऱ्याला वन्संच्या एक्स्चेंजमधले एक गृहस्थ आमच्याकडे सोनं द्यायला आले होते. बरोबर चार-पाच वर्षांची मुलगी. तिला आई नव्हती. आपट्याची पानं सासूबाईंच्या हातात देऊन त्यांनी वाकून नमस्कार केला. सासूबाईंनी आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं. बाबासाहेबांबरोबर धम्म घेतलेल्यांपैकी त्यांचं घर होतं, नागपूरकडचं; हे त्यांनी न विचारताच सांगितलं, अगदी सहज. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले आणि ओट्याखाली वेगळा ठेवलेला, दांडी तुटलेला कप काढला. मला कुणी तोंडाने सांगितलं नव्हतं. समतेवर बोलून पदक मिळवलेली सून मी, मला न सांगता कळलं. त्यांनी त्या कपातून चहा घेतला. घाईने घेतला नाही आणि उरवलाही नाही. ते गेल्यावर मी त्यांची नक्कल केली, खुर्चीच्या कडेवर ताठ कसे बसले होते त्याची. हे हसले, मामंजीसुद्धा हसले. वन्सं कप घेऊन आत गेल्या, तो घासला आणि आमच्या कपांच्या ओळीत पालथा घातला. सासूबाईंनी तो उचलून पुन्हा ओट्याखाली ठेवला. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर आठच दिवसांनी त्यांनी मला तिकीट आणून दिलं होतं.

त्यांना वाटलं असणार, ही शिकलेली आहे, बोलायला कुणाला घाबरत नाही, मामंजींची लाडकी आहे. तोंडाने सांगायची त्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी मला सिनेमाला पाठवलं. मी तो बघावा आणि येऊन म्हणावं, वन्सं, कळलं मला. आणि मी ताटं घेताना काय म्हटलं होतं ते वर लिहिलंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कसब्यात गेले. गुरुवार नव्हता. वन्संनी दार उघडलं आणि म्हणाल्या, “वार विसरलीस का?”

“नाही.”

“मग बस. मेथी निवडायला घेतलीय, हात लाव.”

मी मेथीची जुडी सोडली. सुरुवात कशी करायची हे मी मेट्रोत चार प्रकारे ठरवलं होतं. चारही विसरले. “वन्सं, तो घड्याळजीचा सिनेमा मी पाहिलाच नव्हता.”

“कधी?”

“त्या बुधवारी. मी वकिलाला गेले होते. आणि नंतरही कधी नाही. काल पाहिला, पहिल्यांदा.”

त्यांनी हातातली काडी निवडून झाल्यावर खाली ठेवली. “तिकीट फाडलेलं होतं.”

“मी फाडलं.”

“आणि मग रात्रीच्या जेवणाच्या वेळी बोललीस ते? दुसऱ्यांनी मध्ये पडू नये वगैरे?”

“पेपरात होतं. थोडं मी वाढवलं.”

वन्संनी निवडलेली मेथी एका बाजूला सारली. खाली रस्त्यावर कुणीतरी तांब्याचं भांडं ठोकत होतं, तो आवाज येत राहिला. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे तू मला नाही म्हणाली नव्हतीस.”

“मला विचारलंय हेच मला माहीत नव्हतं.”

“मला वाटलं, तू विचार करून नाही म्हणालीस. म्हटलं, हिचंही बरोबर आहे. वर्षापूर्वी घरात आलेली पोर, ती कशाला आपल्यासाठी वाईटपणा घेईल? रागसुद्धा धरला नाही मी तुझ्यावर.” त्यांनी पुढची काडी उचलली. “थोडा धरला. दोन-तीन वर्षं.”

“तुम्ही पुन्हा का नाही विचारलंत?”

“एकदा विचारायलाच एवढं लागलं होतं, वहिनी.”

मी विचारलं, मग त्या गृहस्थांचं पुढे काय झालं. त्या म्हणाल्या, दिवाळीनंतर त्यांनी बदली मागून घेतली, नागपूरला. “मीच सांगितलं त्यांना, घरातून काही होईल असं दिसत नाही. त्यांनी माझी वाट बघू नये म्हणून मीच सांगितलं.” नंतर त्यांनी लग्न केलं की नाही, मुलगी कुठे आहे, हे मी विचारत गेले आणि त्या मेथी निवडत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “देठं फार ठेवतेस तू. आई असती तर बोलली असती.”

मी म्हटलं, “वन्सं, मला माफ करा.”

“काय करायचंय माफ करून? दोघींचीही वयं झाली.” मग जरा वेळाने, “गुरुवारी घड्याळजीचं नीट बोल म्हणजे झालं. पण त्या भावजयीचं बोलू नकोस. ते आपल्या घरातलं आहे.”

गुरुवारी संघात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. आधी माझी पाळी. मी भिंगाबद्दल बोलले, डोळ्याभोवतीच्या लाल गोलाबद्दल बोलले, तो ‘आणखी दोन दिवस’ चार वेळा म्हणतो आणि चारही वेळा वेगळं म्हणतो, हे सांगितलं. सगळं खरं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी पाहिलेल्या गोष्टीवर बोलत होते, आणि माझंच मत खरं ठरलं, मी अडखळले. शेवटाबद्दल बोलायचं नव्हतं, आणि शेवट सोडला तर त्या सिनेमात सांगण्यासारखं किती उरतं? चार मिनिटांत मी खाली बसले. चिटणिसांनी घंटेवरचा हात काढला आणि माझ्याकडे पाहिलं, आठवीतल्या हुशार मुलीने पेपर कोरा दिल्यासारखं.

मग वन्सं उठल्या. त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून टेबलाला धरून उभ्या राहिल्या. कागद नाही, काही नाही. “वकिलाची भूमिका श्रेष्ठ का, तर पेल्यापासून सुरुवात करू,” म्हणाल्या. आणि पेल्यावर बोलल्या. तो पाणी का पीत नाही, त्याने घसा कोरडा ठेवणंच कसं पसंत केलं, पेला ठेवताना आवाज होऊ नये म्हणून करंगळी खाली कशी धरतो. नंतर काळ्या कोटाच्या बाहीबद्दल. नंतर सातव्या मिनिटाला आवाज खाली येतो त्याबद्दल. एकेक मुद्दा माझा होता. मी गच्चीवर मांडलेला, ताटं घेताना मांडलेला, ह्यांच्या आजारपणात हॉस्पिटलच्या बाकावर वेळ जावा म्हणून मांडलेला. काही तर मीच विसरले होते. करंगळीचा मुद्दा माझा, हे मला त्यांच्या तोंडून ऐकल्यावर आठवलं. माझी वाक्यं त्यांनी माझ्यापेक्षा बरी म्हटली, कारण त्या हातवारे करत नाहीत. घंटा वाजली तेव्हा त्यांचं वाक्य पुरं झालेलं होतं.

त्या बोलत असताना मी आठवायचा प्रयत्न केला, घड्याळजीबद्दल वन्सं इतक्या वर्षांत काय काय म्हणाल्या होत्या. “चांगला होता,” आणि “शेवट नीट आठवतो का?” याच्या पुढे मला काही आठवेना. त्या तेवढंच म्हणाल्या होत्या, की आणखी काही म्हणत होत्या आणि मी माझं पुढचं वाक्य जुळवत होते, ते आता त्यांना कोणत्या तोंडाने विचारणार?

मतं झाली. घड्याळजीला पाच हात, त्यातला एक माझा. बाकी सगळे वकिलाला. चिटणिसांनी जाहीर केलं की वहिनींचा पन्नास वर्षांचा दावा आज ताईंनी जिंकून दिला, आणि लोक मोठ्याने हसले, टाळ्या वाजवल्या. वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या, “घे. लागला एकदाचा निकाल.”

जिना उतरताना त्यांनी माझा दंड धरला होता. मी म्हटलं, “माझं सगळं पाठ आहे तुम्हाला.”

“पाठ करायला काय लागतं? तू थांबायचीस कुठे?”

“वन्सं, उद्या लॅपटॉप घेऊन येते. दोघी मिळून बघू तो सिनेमा. मी मध्ये बोलणार नाही.”

त्या पायरीवर थांबल्या. गुडघ्यासाठी थांबल्या असं मला आधी वाटलं. “नको,” म्हणाल्या. “मी तो एकदाच पाहिलाय. पाहिला तेव्हा मला वाटत होतं, आपल्याकडेही असंच होईल. आता बघताना तसं वाटायचं नाही.”

मग उरलेल्या पायऱ्या आम्ही उतरलो. खाली आल्यावर त्यांनी दंड सोडला आणि म्हणाल्या, गर्दी व्हायच्या आत मेट्रो पकड.